तलवारीवरचा हात

पिनाक रॉकेटांच्या दारूगोळ्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये १०,१४७ कोटी रुपयांचे करार झाले. ते मिळालेल्यांपैकी एक कंपनी म्युनिशन्स इंडिया. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीची चांदा आयुध निर्माणी याच कंपनीत मोडते. पिनाक म्हणजे शंकराचे धनुष्य. देवांची अशी शस्त्रे मराठी घरांत ओळखीची झाली ती कथा-कीर्तनांतून आणि भिंतीवरच्या छापील तसबिरींतून.

पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह १८७८ मध्ये अशा तसबिरी छापणारी चित्रशाळा काढली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. हे काम शिळाछापाचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि कागद तोच. एक दगड केसभर सरकला तरी देवाचा डोळा जागा सोडतो. अशा कष्टाने राजवाड्यातले चित्र कौलारू घरात आले.

चित्रशाळेच्या गाजलेल्या रामपंचायतनात लंकेचे युद्ध संपलेले आहे: राम-सीता आसनावर, भाऊ भोवती, मारुती पायाशी. रविवर्म्याचा राम मात्र समुद्रावर धनुष्य रोखून उभा आहे. देव तोच, शस्त्रही तेच. तसबिरी विचारतात, ते उचलायचे कधी?

या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर रविवर्म्याच्या ‘कृष्णशिष्टाई’त आहे. पांडवांसाठी कृष्ण पाच गावे मागतो, दुर्योधन सुईच्या अग्राएवढीही जमीन देत नाही. दूतालाच बांधायचा बेत उघडा पडतो. कृष्णासोबत आलेला सात्यकी तलवार उपसू लागतो आणि कृष्ण त्याला आवरतो. समोर शत्रूंची सभा भरलेली, तरी कृष्ण आधी आपल्याच माणसाला थांबवतो. मराठीत ‘शिष्टाई करणे’ आजही रुळलेले आहे.

युरोपात चित्रकार रुबेन्सने १६२९-३० च्या सुमारास युद्ध आणि शांती हाच विषय रंगवला. तो स्वतः स्पेनचा दूत म्हणून लंडनला गेला होता. त्याच्या चित्रात मिनर्व्हा देवी युद्धदेव मार्सला ढकलून शांतिदेवतेला वाचवते. तिथे युद्ध आणि शांती ही दोन वेगळी माणसे आहेत. आपल्याकडे दोन्ही एकाच रथात बसून येतात, आणि आपले हे चित्र अधिक खरे आहे.

बळ असून ते आवरणे म्हणजे काय, हे कळायला भद्रावतीला दूर जायला नको. विजासनची बौद्ध लेणी, भद्रनागाचे देऊळ आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर याच गावात आहेत. जैन कथेत वैरी पार्श्वनाथावर वादळ-पाऊस सोडतो, तेव्हा नागराज धरणेंद्र त्याच्या डोक्यावर फणा धरतो. तो वैऱ्याला डसत नाही. निर्माणीच्या गावातल्या शाळांनी चित्रकलेच्या तासाला हा फणा आणि सात्यकीची अर्धी उपसलेली तलवार शेजारी शेजारी लावून मुलांना दोन्ही काढायला सांगावे.