पिवळा रंग कुणाकुणाला दिसतो?

बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातलं मेहकर हे लातूरच्या हद्दीजवळचं गाव. बुलढाणा जिल्ह्यात याच नावाचं मोठं गाव आहे, ते वेगळं. हा पट्टा खरिपात उडीद, मूग, सोयाबीन आणि तुरीचा. पीक गुडघ्याला लागलं की या भागातल्या बऱ्याच शेतांत काठ्यांवर पिवळे चिकट सापळे उभे राहतात. कुणी दुकानातून पिवळे कार्ड आणतो, कुणी रिकाम्या डब्याला पिवळा ऑइल पेंट फासून त्यावर एरंडेल नाहीतर ग्रीस लावतो. दोन-चार दिवसांत त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा थर बसतो. हे ठिपके म्हणजे पांढरी माशी. लांबीला जेमतेम एक मिलिमीटर. ती रस शोषते ते नुकसान सोसवतं, पण एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ती पिवळ्या मोझॅकचा विषाणू घेऊन जाते. एकदा उडदात हा केवडा (पिवळा मोझॅक) पडला की त्या झाडावर औषध चालत नाही. म्हणून माशी वेळेवर कळणं महत्त्वाचं.

पण ती पिवळ्यावरच का येते? लाल डबा टांगला तर का येत नाही? याचं उत्तर माशीच्या डोळ्यात आहे, आणि तिथे जाण्याआधी आपल्या डोळ्याची गोष्ट सांगावी लागेल.

रेडिओच्या लहरी, सूर्याची ऊब, क्ष-किरण आणि डोळ्यांना दिसणारा उजेड ही सगळी एकाच जातीची लाट, फक्त लांबी वेगवेगळी. त्यातली साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर लांबीची अरुंद पट्टी माणसाला दिसते. जांभळ्यापासून लालपर्यंतचा हा दृश्य वर्णपट. पिवळ्याची जागा त्यात ५७० ते ५९० नॅनोमीटरच्या आसपास. मात्र आपला डोळा लाटेची लांबी मोजत नाही. दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. एक प्रकार ४२० नॅनोमीटरजवळ, म्हणजे निळ्या-जांभळ्याला सर्वाधिक दाद देतो, दुसरा ५३० च्या आसपास आणि तिसरा ५६० च्या. या तिघांनी पाठवलेल्या संदेशांची मेंदू तुलना करतो आणि रंग ठरवतो.

त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. रस्त्यावरचा जुना सोडियमचा दिवा खरोखर पिवळी लाट सोडतो. मोबाइलच्या पडद्यावर पिवळी लाट सोडणारा एकही ठिपका नसतो, तिथे लाल आणि हिरवे ठिपके शेजारी-शेजारी पेटतात. आपल्या शंकूपेशींना दोन्हींकडून सारखाच संदेश मिळतो आणि आपण दोन्हींना पिवळं म्हणतो. हा फरक डोळ्याला कधीच कळणार नाही. प्रकाश फोडणाऱ्या लोलकाला तो लगेच कळतो.

लोलकाने दोन पिवळ्यांतला फरक दाखवला, त्या प्रसंगाचा एक धागा मेहकरच्या नैर्ऋत्येला, पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात सापडतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून जमखिंडी, विजापूर आणि पुढे गुंटूर, मछलीपट्टणमकडे गेला. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने जमखिंडीत दुर्बीण आणि वर्णपटदर्शक घेऊन उभे होते लेफ्टनंट जॉन हर्शेल. त्यांचे आजोबा विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, थर्मामीटर ठेवलं होतं. पारा चढला आणि अवरक्त किरण माणसाला माहीत झाले. आजोबांनी न दिसणारा प्रकाश शोधला, नातू त्याच विद्येची साधनं घेऊन दख्खनच्या पावसाळी आभाळाखाली आला. ढगांनी फार छळलं. पण मधूनमधून मिळालेल्या मोकळ्या क्षणांत सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत त्यांना तीन तेजस्वी रेषा दिसल्या: लाल, नारिंगी आणि निळी. यातली नारिंगी-पिवळी रेषा त्यांनी सोडियमचीच धरली.

ती सोडियमची नव्हती. त्याच ग्रहणात गुंटूरला असलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन यांना त्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात नॉर्मन लॉकयर यांनी स्वतंत्रपणे तेच केलं. पुढच्या काटेकोर मोजणीत दिसलं की सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर पडतात, तर सूर्यावरची ही रेषा ५८७.६ वर. दीड नॅनोमीटरचा हा फरक म्हणजे एक नवं मूलद्रव्य होतं. त्याला हेलियम नाव मिळालं, आणि १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी ते पृथ्वीवरच्या युरेनियमच्या खनिजातून बाहेर काढलं. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना लॉकयर यांनी १८६८ मध्ये तिथूनच हेलियम शोधला असं सांगतात. ते खरं नाही. लॉकयर विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोही प्रसंग अभिमान बाळगण्याजोगाच आहे, त्यासाठी साल बदलण्याची गरज नाही. आणि जमखिंडीचं नाव या गोष्टीत आपल्याकडे जवळपास कुणी घेत नाही, याची मला जास्त खंत वाटते.

आता माशीकडे. झाडाचं पान सूर्यप्रकाशातला निळा आणि लाल भाग शोषून घेतं आणि ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळसर भाग परत फेकतं. पांढऱ्या माशीच्या डोळ्यात याच भागाला दाद देणाऱ्या पेशी आहेत. या पेशी जोरात उद्दीपित झाल्या आणि त्याच वेळी निळा प्रकाश कमी आला, की तिच्या लेखी समोर कोवळं पान आहे. पिवळा रंगवलेला डबा निळा प्रकाश जवळजवळ पूर्ण गिळतो आणि हिरवा-पिवळा प्रकाश खऱ्या पानापेक्षा कितीतरी अधिक परत पाठवतो. म्हणजे तो तिला पानापेक्षाही जास्त पान वाटतो. १९६२ मध्ये माउंड या कीटकशास्त्रज्ञाने या माशीबद्दल आणखी एक गोष्ट दाखवली. ती पिवळ्याकडे ओढली जाते तशी अतिनील, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडच्या, प्रकाशाकडेही जाते. अतिनील म्हणजे मोकळं आभाळ, लांब उडण्याची वेळ. पिवळं म्हणजे उतरून खाण्याची, अंडी घालण्याची जागा. एवढ्याशा जिवाचा सगळा प्रवास या दोन रंगांच्या मधे चालतो.

म्हणून सापळा कुठे टांगला याला महत्त्व आहे. तो पिकाच्या शेंड्याच्या पातळीला किंवा किंचित वर हवा, पीक वाढेल तसा वर सरकवायला हवा. धुळीने माखलेलं, उन्हाने फिकं पडलेलं कार्ड महिनाभर तसंच ठेवून उपयोग नाही. मावा आणि तुडतुडेही पिवळ्यावर येतात. फुलकिड्यांना मात्र निळा जास्त खेचतो, म्हणून मिरची-कांद्यात निळे सापळे लावतात. यात एक धोकाही आहे. पिवळ्यावर ढालकिडे आणि किडींच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही चिकटतात, आणि त्या आपल्या बाजूच्या. माझ्या मते सापळा आधी माशी किती आहे हे कळण्यासाठी लावावा, मारण्यासाठी नंतर. शेत पिवळंधमक करून टाकणं ही हुशारी नव्हे.

अतिनील प्रकाश माणसाला दिसत नाही, किड्यांना दिसतो, हे पहिल्यांदा मुंग्यांनी सांगितलं. इंग्लंडमध्ये जॉन लबक यांनी मुंग्यांच्या कोषांवर वर्णपट पाडला. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे माणसाला नुसता अंधार दिसत होता, तिथले कोष मुंग्या उचलून बाहेर नेऊ लागल्या. १८८२ च्या त्यांच्या पुस्तकात हे प्रयोग आहेत. पुढे १९१४ च्या सुमारास जर्मनीत कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांना राखाडी चौकोनांच्या गर्दीत ठेवलेल्या निळ्या चौकोनावर साखरपाणी दिलं. मग साखर काढून घेतली, चौकोनाची जागा बदलली, तरी माश्या निळ्यावरच उतरल्या. मधमाशीला साधारण ३०० ते ६५० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. म्हणजे तिला आपला लाल जवळजवळ काळा, पण आपल्याला न दिसणारा अतिनील चांगलाच दिसतो. आपल्याला सगळीकडून सारखं पिवळं दिसणारं सूर्यफूल तिला तसं दिसत नाही. पाकळ्यांची टोकं अतिनील परत फेकतात, मुळाकडचा भाग तो शोषतो, आणि मधाच्या दिशेने नेणारं गडद वर्तुळ तिच्यापुढे उभं राहतं.

रात्री ओट्यावरच्या दिव्याभोवती किडे घिरट्या घालतात, त्याचं कारणही २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं. उडताना किडा पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण कोट्यवधी वर्षं उजेड म्हणजे आभाळ, म्हणजेच वर, असाच त्याचा हिशेब राहिला. दिवा जवळ आला की तो पाठ दिव्याकडे वळवत राहतो आणि त्याच्याभोवती अडकतो. प्रकाश सापळ्याचं तत्त्व हेच. पहिल्या मोठ्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा सूर्यास्तानंतरचे दोन-तीन तास सापळा लावावा आणि मग बंद करावा. रात्रभर दिवा जळाला की उपयोगी किडेही मरतात. घरापुढे मात्र पांढऱ्या-निळसर एलईडीऐवजी पिवळा दिवा लावला तर किडे बरेच कमी येतात.

फाल्गुनात बिदरच्या माळांवर पळस पेटतो. हा तांबडा-केशरी रंग मधमाशीसाठी नव्हे, मुख्यतः पक्ष्यांसाठी. पक्ष्यांच्या डोळ्यात तीन नव्हे, चार प्रकारच्या शंकूपेशी असतात, आणि लाल त्यांना उत्तम दिसतो. हिवाळ्यात मध्य आशियातून थव्यांनी येणाऱ्या भोरड्या, ज्यांना पळसमैनाही म्हणतात, जवारीवर पडतात म्हणून आपण गोफण उचलतो. त्याच भोरड्या पुढे पळसाच्या आणि पांगाऱ्याच्या फुलांत चोच घालून परागकण या झाडावरून त्या झाडावर नेतात. त्यांच्या कुळातल्या युरोपीय सारिकेवरच्या प्रयोगांत या पक्ष्यांना अतिनीलही दिसतो हे सिद्ध झालं आहे. म्हणजे पळसाचं झाड आपल्याला दिसतं त्याहून अधिक रंगांनी त्यांना दिसतं.

आपल्या गोठ्यात याच्या उलट. देवणी हे या सीमाभागाचं जनावर. पांढरं अंग आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, काळ्या ठिपक्यांचा शेवरा, निव्वळ पांढरा बालंक्या. कारहुणवीला नाहीतर पोळ्याला आपण त्यांची शिंगं हिंगुळाने रंगवतो, लाल झूल घालतो. बैलाच्या डोळ्यात शंकूपेशी दोनच प्रकारच्या, साधारण ४४४ आणि ५५५ नॅनोमीटरवर दाद देणाऱ्या. त्याला निळा आणि पिवळा वेगळे कळतात, लाल आणि हिरवा नाही. लाल फडक्याने बैल बिथरतो हा समज चुकीचा, तो फडक्याच्या हलण्याने बिथरतो. बहुतेक खुरवाल्या प्राण्यांचं असंच आहे. काळवीट, हरणं आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून बांधावर जुन्या साड्या बांधतात, तेव्हा लाल आणि हिरवी साडी त्यांना पिकात मिसळलेली दिसण्याची शक्यता जास्त. फिकट निळी किंवा पांढरी निवडावी, आणि ती वाऱ्यावर फडफडेल अशी सैल बांधावी.

सस्तन प्राण्यांचे पूर्वज डायनासोरच्या काळात रात्री जगत, त्यात त्यांच्या काही शंकूपेशी हरवल्या. आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या आणि माणसाच्या वंशात तिसरी पुन्हा आली, ती एका जनुकाची प्रत निघून बदलल्यामुळे. लाल आणि हिरव्याची ही दोन जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून त्यात बिघाड झाला तर भरून काढायला दुसरा नसतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात सुमारे आठ जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, भारतात प्रमाण त्याहून कमी आढळतं. बायकांमध्ये ते फारच थोडं.

अशा मुलाला आपल्यात काही वेगळं आहे हे अनेकदा स्वतःलाच माहीत नसतं. हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलेलं त्याला वाचता येत नाही आणि त्याला निष्काळजी म्हणून बोलणी बसतात. पुढे तो रेल्वेच्या लोको पायलटची परीक्षा देतो, लेखी पास होतो आणि वैद्यकीय तपासणीत बाहेर पडतो. जपानचे डॉ. इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेले ठिपक्यांचे तक्ते वापरून ही तपासणी पाच मिनिटांत होते आणि डोळ्यांच्या बहुतेक डॉक्टरांकडे ते असतात. २०२० पासून केंद्र सरकारने सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन परवान्याची मुभा दिली आहे, त्यामुळे तपासणीने आयुष्य अडत नाही. सीमाभागातल्या मराठी आणि कन्नड दोन्ही शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना विनंती एवढीच की पाचवी-सहावीत प्रत्येक मुलाची ही तपासणी एकदा करून घ्यावी, आणि तोवर लाल खडू फळ्यावर वापरू नये.