जालन्याजवळील बेथेल : दानाचा एक दाखला

दानशूर व्यापारी व जमीनदार सज्जनहो,

अन्नदानाने मनुष्य आज वाचतो. परंतु पुढील साली त्यास पुन्हा पदर पसरावा लागू नये, याची तजवीज निराळी असते. १८४३ साली ख्रिस्ती दीक्षा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ती जाणली. त्यांच्या मंडळीत पुष्कळ मांग व महार होते. त्यांस ना शेत, ना गावविहिरीचे पाणी. म्हणून निजामाचे दिवाण सर सालारजंग यांजकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल वसविले. रविवारी उपासना, इतर दिवशी शेत व शाळा, असा तेथील आठवडा.

२०१२-१३ च्या अवर्षणात जालन्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. तेव्हा पाण्याचे मोल बागाइतदारांसही कळले. यास्तव आम्ही धान्याबरोबर विहिरींसाठीही वर्गणी मागतो. त्या विहिरींवर कोणाची जात वा धर्म विचारला जाणार नाही. कळावे, ही विनंती.