ऐकणे स्वस्त, बोलणे महाग

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीच्या परिवलनाच्याच गतीने फिरतो. म्हणून तो आकाशात स्थिर भासतो. एवढे अंतर कापून येणारे त्याचे संकेत अत्यंत क्षीण असतात. उपग्रह दुर्बल असेल, तर जमिनीवर प्रचंड अँटेना उभारावी लागते. तो समर्थ असेल, तर लहान पुरते. खर्च टळत नाही. तो जमिनीवरून आकाशात जातो, एवढेच.

पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये परदेशी दळणवळणासाठी सुरू झालेल्या भूकेंद्राची अँटेना सुमारे ३० मीटर व्यासाची होती. हा डोलारा शासनालाच परवडे. याउलट १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या शक्तिमान उपग्रहामुळे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची अँटेना पुरली.

तथापि, आर्वीचे केंद्र संदेश घेई आणि धाडीही. खेडी मात्र केवळ घेत. उपग्रहाकडे कार्यक्रम पाठविण्याची सोय अहमदाबाद व दिल्लीसारख्या शहरांतच होती. शेतीचा सल्ला खेड्यास मिळे. त्यावरील शंका त्या वाटेने परत जात नसे. वर्ष संपताच उसना उपग्रहही गेला.

१९८३ मध्ये ‘इन्सॅट-१बी’ हा स्वमालकीचा उपग्रह कामास आला. तरीही घरांवरील दूरचित्रवाणीच्या तबकड्या आजही ग्रहणापुरत्याच आहेत. संदेश किती गावांत पोहोचला, याबरोबरच किती गावांतून निघाला, याचाही हिशेब मांडला गेला पाहिजे.