कढीपत्त्यावरची अळी मारू नका

चैत्र लागला की कुंडीतल्या कढीपत्त्याला कोवळी पालवी फुटते आणि चार दिवसांत ती कोणीतरी कुरतडल्याचे दिसते. परवाच एक गृहिणी सांगत होत्या, "डॉक्टर, झुरळांचे औषध मारले, अळ्या गेल्या." त्याच झाडाची पाने त्या फोडणीला घालणार होत्या! असे कृपया कोणी करू नये. झुरळांची औषधे खाण्याच्या झाडांसाठी नसतात. काही कीटकनाशके तर पानाच्या आत शिरतात, ती धुऊनही जात नाहीत.

ही अळी लिंबाळी फुलपाखराची. काळे पंख, त्यांवर फिकट पिवळे ठिपके. मादी पायांनी पानाची चव घेते (होय, पायांनीच!) आणि झाड पसंत पडले की बारीकसे पिवळसर अंडे घालते. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचल्यास डोक्यामागून दोन लालसर शिंगे बाहेर काढते, उग्र वास सोडते. ही नुसती दमदाटी. ती चावत नाही, तिने खाजही येत नाही. साधारण महिनाभरात अंड्याचे फुलपाखरू होते. झाडाला पुन्हा पालवी येतेच. राज्याचे फुलपाखरू म्हणून 2015 साली ठरलेले नीलवंतही लिंबाच्याच कुळावर वाढते.

सुरवंटाची गोष्ट मात्र निराळी. शेवग्याच्या खोडावर झुबक्याने बसणाऱ्या केसाळ अळ्यांपासून मुलांना दूर ठेवावे. केस रुतले तर चोळू नये. चिकटपट्टी लावून अलगद ओढावी, मग साबण-पाण्याने धुवावे. डोळ्यात केस गेल्यास स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन तडक डॉक्टरांकडे जावे. फुलपाखरांसाठी रुई लावणाऱ्यांनीही जपावे. तिचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, आणि सुरुवातीला दुखत नसल्याने माणूस गाफील राहतो.

फुलपाखरे पाहण्यासाठी पहाटे उठण्याची गरज नाही. ऊन लागून अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. आठ-नऊच्या सुमारास चहाचा कप घेऊन अंगणात स्टूल टाकावे. गुडघेदुखीमुळे फिरणे सुटलेल्या आजी-आजोबांनी तर जरूर. त्यांच्यासाठी बशीत पाणी मात्र साठवू नका, त्यात डेंग्यूचे डास वाढतात. ओली वाळू पसरून ठेवली तरी त्यांचे भागते.