झाकायच्या आधी

सकाळचे सात वाजायला आलेत. कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, ओगलेवाडीच्या अलीकडे, दोन गुंठ्यांच्या एका प्लॉटवर आज स्लॅब पडणार आहे. खाली मिक्सर उभा आहे, त्याच्या शेजारून लिफ्ट वरपर्यंत गेली आहे. मिक्सरला हळद-कुंकू लागलंय, नारळही ठेवलाय. पण फोडायचा कसा? इंजिनिअर अजून वर सळई तपासतोय.

मी शिडीनं वर जातो. सेंटरिंगच्या पत्र्यांवर सळईची जाळी अंथरली आहे. तरुण इंजिनिअर उकिडवा बसून टेप टाकतो, दोन सळयांमधलं अंतर बघतो, मग जाळीखाली दोन बोटं सरकवतो. सळई पत्र्याला टेकता कामा नये. तिच्याखाली पाऊण इंचाचे सिमेंटचे ठोकळे हवेत, म्हणजे माल खालूनही तिला गुंडाळून घेतो. ठोकळा नसला तर सळई स्लॅबच्या तळाला उघडी राहते, ओल धरते, गंजते, फुगते आणि काही वर्षांनी स्वयंपाकघरात छताचे पोपडे पडायला लागतात. जिन्याकडच्या कोपऱ्यात ठोकळे नाहीत.

"मिस्त्री, हे काय?"

मिस्त्री हाक मारतो, एक पोरगा घमेल्यातून ठोकळे घेऊन येतो, पहारीनं जाळी उचलून एकेक ठोकळा आत सारतो. मिस्त्रीचा चेहरा ओशाळलेला नाही आणि रागावलेलाही नाही. इंजिनिअर पुढं सरकतो, बीममध्ये वाकून रिंगांचे हूक बघतो. टोकं नुसती काटकोनात वळवलेली नाहीत, आतल्या बाजूला पार १३५ अंशांपर्यंत मुरडलेली आहेत. हे वळण द्यायला फिटरला जोर लागतो, वेळही लागतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते टाळतात. हा कोयनेचा पट्टा आहे. ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट आठवणारी माणसं अजून इथल्या प्रत्येक गल्लीत आहेत. हादरा बसला की काटकोनातली रिंग उघडते, मुरडलेली धरून ठेवते.

घरमालक बापू शिडीच्या तोंडाशी उभे आहेत. ते सळईकडं बघत नाहीत, इंजिनिअरच्या चेहऱ्याकडं बघताहेत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून त्यांचा जन्म गेला. इंजिन नुसतं ऐकून रोग सांगणारा हा माणूस, पण इथं त्याला काहीच ऐकू येत नाही. पीएफमधून काढलेले पैसे आणि बँकेचं कर्ज असं सगळं मिळून समोर पसरलंय आणि ते बरं आहे की वाईट, हे तिसऱ्याच्या तोंडून कळायचं आहे. थोरल्या भावाच्या घराच्या वेळी ठेकेदार प्लास्टरच्या आधी जास्तीची उचल घेऊन काम टाकून गेला होता. ती गोष्ट घरात अजून दर सणाला निघते.

इंजिनिअर मान हलवतो. नारळ फुटतो. मिक्सर सुरू होतो आणि त्यापुढं कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही.

टोळी विजापूरकडची आहे. बायका खडी आणि क्रश सँडचे फर्मे भरून मिक्सरच्या तोंडात ओततात, एका पोत्याला वाळू दीडपट आणि खडी तिप्पट. वर लिफ्ट रिकामी झाली की घमेली हातोहात पुढं जातात. सगळ्यात पुढं एक जण व्हायब्रेटरची सुई मालात खुपसतो आणि मागचा लाकडी फळीनं पातळी धरतो. कानडी, मराठी आणि शिट्ट्या यांच्यावर सगळं काम चाललंय.

बापूंच्या बायकोची, म्हणजे वहिनींची, जागा ठरलेली आहे. ओट्याच्या भिंतीशी प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या बसल्या आहेत. मिक्सरमध्ये पोतं फुटलं की भिंतीवर खडूनं एक रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. रिकामी पोती त्यांच्याच पायाशी येऊन पडताहेत, दहा-दहाचे गठ्ठे बांधले जाताहेत. इंजिनिअरनं ११० च्या आसपास सांगितली आहेत. मला वाटतं, एवढ्या उघड्या पहाऱ्याचा मिस्त्रीला राग येत असणार. चहाच्या वेळी मी त्याला तसं विचारतो.

"राग कशाचा? मीच बसवलंय त्येंना तितं," मिस्त्री म्हणतो. "मागल्या एका ठिकाणी मालक दिवसभर आला न्हाय. आन् सा म्हयन्यांनी म्हणतोय, तू पोती खाल्लीस. आता काय दाखवू त्येला? स्लॅब फोडून?"

त्या मालकाकडं शेवटचा हप्ता अजून अडकलाय, हे तो बोलण्याच्या ओघात सांगून टाकतो. फरशीचा उतार चुकला, असं निमित्त झालं. उतार दुरुस्त करून दिला, तरी पैसे आले नाहीत. त्या कामाची सेंटरिंगवाल्याची आणि फिटरची देणी मिस्त्रीनं बायकोचे दागिने ठेवून भागवली. ठेकेदार पळून गेल्याच्या गोष्टी आपण सगळेच ऐकतो. मालकानं बुडवलेल्या ठेकेदाराची गोष्ट कुठल्या लग्नात, कुठल्या ओसरीवर निघते? मी तरी क्वचितच ऐकली आहे.

फ्लॅट घेणाऱ्याला निदान २०१७ पासून महारेरा आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरला तो पदरमोड करून दुरुस्त करावा लागतो, असं रेराचा कायदा म्हणतो. पण आपल्याच प्लॉटवर आपल्याच मिस्त्रीकडून घर बांधून घेणाऱ्याला ते दार नाही. ग्राहक आयोग आहे, घरबांधणीची सेवा त्याच्या कक्षेत येते. पण तिथं जायचं तर हातात कागद हवा. बापूंच्या हातात जो कागद आहे तो म्हणजे मिस्त्रीची निळ्या पुठ्ठ्याची वही. पहिल्या पानावर चौरस फुटाचा दर, मग हप्ते: प्लिंथ, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फिनिशिंग. खाली दोन सह्या. 'वाढीव काम' या मथळ्याखालचं पान अजून बरंचसं कोरं आहे. भांडणं त्या पानावर होतात. देवघराचा कट्टा, मोरीची भिंत दोन फूट पुढं, बोलता बोलता 'करून टाका की मिस्त्री' म्हणून झालेली कामं, आणि शेवटी हिशेबाला बसल्यावर दोघांनाही वेगवेगळी आठवलेली.

अकराच्या सुमाराला बापूंचे मेव्हणे येतात. स्लॅबच्या दिवशी असा एक पाहुणा येतोच, आणि 'घर पाहावं बांधून' ही म्हण टाकल्याशिवाय तो चहा घेत नाही. ते मिक्सरमधून पडणारा माल चपलेच्या टोकानं ढकलून बघतात.

"दाजी, माल कोरडा वाटतोय. जरा पाणी वाढवा म्हणावं."

बापूंना ते पटतं. कोरडा माल म्हणजे सिमेंट कमी, असं त्यांच्या मनात कुठंतरी बसलंय. ते मिक्सरवाल्याला खूण करतात. मिक्सरवाल्याला तर हे हवंच आहे. माल पातळ झाला की पटकन पडतो, घमेल्यातून पटकन निसटतो, हात कमी दुखतात. तो बादलीकडं वळतो तोच मिस्त्री वरून ओरडतो.

"पाण्याला हात लावायचा न्हाय!"

सकाळीच त्यानं पाइप बंद करून ठेवलाय. पाणी पिंपातून घ्यायचं, बादलीच्या आतून रंगाची रेघ ओढली आहे तेवढंच. पोत्यामागं साधारण पंचवीस लिटर. जास्तीचं पाणी पुढं सुकून उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. मग पोती मोजून मापून टाकली, तरी स्लॅब कच्चाच. मिस्त्री एवढं सगळं बोलत नाही. तो खाली उतरतो, बादलीतली रेघ मेव्हण्यांना दाखवतो आणि म्हणतो, "पावणं, तुमी सावलीत बसा." मेव्हणे बसतात. तेवढ्यात इंजिनिअरचा मदतनीस सहा लोखंडी साचे मांडून त्यांत माल ठासायला लागतो, प्रत्येक बाजूनं सहा-सहा इंचांचे ठोकळे. ते अभियांत्रिकी कॉलेजात जाऊन मशिनखाली दाबले जातील, तीन सातव्या दिवशी आणि तीन अठ्ठाविसाव्या. मेव्हणे आता त्याला सल्ला देतात.

दोनच्या पुढं पश्चिमेला आभाळ काळं व्हायला लागतं. मे महिना, वळवाचे दिवस. टोळीचा मुकादम आभाळाकडं बघतो आणि शिट्ट्यांचा वेग वाढतो. तीन खोल्या झाल्या आहेत, पुढची खोली आणि रस्त्याकडची गॅलरी राहिली आहे. ताडपत्र्या काढून ठेवल्या आहेत. खाली वहिनींचा खडू थांबत नाही, बापू पोत्यांपाशीच उभे आहेत, ओठ हलताहेत.

मी वर आहे, म्हणून पुढचं मला दिसतं. गॅलरीच्या जाळीवरून चालायला फळ्या टाकल्या होत्या. घमेली पुढं द्यायला त्या आड येतात, म्हणून घाईत कुणीतरी त्या काढून बाजूला टाकल्या आहेत. माणसं थेट सळईवरून जाताहेत. वरची सळई ज्या लोखंडी खुर्च्यांवर उचलून धरली होती, त्यातल्या दोन-तीन आडव्या झाल्या आहेत आणि जाळी पायाखाली दबून जवळजवळ तळाला गेली आहे. त्यावर माल पडला की सपाट, गुळगुळीत, झकास दिसेल.

मिस्त्री लिफ्टपाशी आहे. तो मान वळवतो, बघतो, आणि दोन्ही हात वर करतो.

"बंद करा! साकु, साकु!"

मिक्सर थांबतो. अचानक कानात दडे बसल्यासारखं होतं. खालून बापूंचा आवाज येतो, त्यात दिवसभराचा संशय आहे. "काय झालं? पाऊस येतोय मिस्त्री, थांबवता काय?"

"वर या बापू."

बापू धापा टाकत वर येतात. मिस्त्री त्यांना गॅलरीच्या कडेला बसवतो, दबलेल्या सळईवर त्यांचाच हात ठेवतो. खोलीच्या मधल्या स्लॅबला वजन आलं की तो खालून ताणला जातो, म्हणून तिथं सळई खाली. गॅलरी एकाच बाजूनं धरलेली, पुढचं टोक मोकळं. तिच्यावर माणसं उभी राहिली की ताण वरच्या अंगाला येतो. सळई तळाशी गेली, तर ती असून नसल्यासारखी. भेग मुळाशी, अगदी भिंतीलगत पडते. मिस्त्री हे हातवाऱ्यांनी सांगतो, मधेच आपला पंजा उताणा करतो, पालथा करतो.

बापू क्षणभर गप्प. मग म्हणतात, "म्हणजे गाडीचा पाटा उलटा बसवल्यागत."

"तसंच."

आता बापूच फिटरच्या पोराला बोलावतात. आकडीनं जाळी उचलली जाते, खुर्च्या उभ्या होतात, तार आवळली जाते. फळ्या परत टाकल्या जातात, बाजूच्या बीमवर टेकवून, सळईला न शिवता. मुकादम कानडीत कुरकुरतो, मिस्त्री त्याला मराठीत उत्तर देतो. वीस-पंचवीस मिनिटं जातात. मिक्सरचं भाडं चालू आहे, मजुरी मिस्त्रीच्या अंगावर आहे, आभाळ आणखी खाली आलंय. एवढा वेळ घालवला नसता, तर संध्याकाळी कुणाला काय कळणार होतं? वहिनींच्या रेघा बरोबर भरल्या असत्या, रिकामी पोतीही तेवढीच निघाली असती. मोजता येतं तिथं मालक पहारा देतो. मिस्त्रीची परीक्षा मात्र पहारा नसतो तिथंच होते. आणि तरी खडूच्या त्या रेघा वाया गेल्या, असं मला वाटत नाही. दिवसभर ज्याच्यावर उघड डोळा ठेवला आणि ज्यानं तो ठेवू दिला, त्यानं 'वर या' म्हटल्यावर बापू आले, सळईवर हात ठेवला आणि ऐकून घेतलं.

मिक्सर परत सुरू होतो. बापू मात्र खाली जात नाहीत. गॅलरी भरून होईपर्यंत फळीवरून कुणाचा पाय सळईवर पडतोय का, एवढंच ते बघत राहतात.

साडेपाचला शेवटचं घमेलं पडतं. भिंतीवर ११२ रेघा, गठ्ठे अकरा आणि सुटी दोन. पाऊस मलकापूरकडं कुठंतरी पडतोय, इथं नुसता वारा आणि धूळ. टोळीला पेढे वाटले जातात, मुकादमाच्या हातावर खुशाली पडते, बायका नळाखाली हात-पाय धुतात. उद्या त्यांचा दुसरीकडं स्लॅब आहे.

बापू चेक काढतात. मिस्त्री तो दोन्ही हातांनी घेतो, कपाळाला लावतो, आणि मग नीट तारीख वाचतो. वहिनींना ते दिसतं, त्या हसू दाबतात.

"आता माझी पाळी," मिस्त्री म्हणतो आणि निळी वही उघडतो. "उद्या सकाळी मी आळी करून देतो. फुडं धा दिवस पाणी हटलं न्हाय पायजे. ह्ये तुमच्याकडं. स्लॅब गळला की मालक म्हणतो सिमेंट कमी घातलं, आन् आमी म्हणतो पाणी मारलं न्हाय. लिवूनच ठिवूया."

"रोज टँकर लागंल," वहिनी म्हणतात. "बोअरला कुठंय पाणी? करारात नव्हतं हे."

थोडी घासाघीस होते. पहिले दोन टँकर मिस्त्रीचे, पुढचे बापूंचे. मिस्त्री लिहितो: पाणी मारणे, मालक. वहिनी वही आपल्याकडं ओढून त्याच्याखाली स्वतःच्या हातानं लिहितात: टेकू काढणे, मिस्त्री, इंजिनिअरला विचारून. मिस्त्री वाचतो आणि सही करतो. बापू चष्मा शोधून सही करतात.

मेव्हणे खुर्चीतून उठतात. "आणि उद्या पाऊस पडला तर?"

"तर एक टँकर वाचला, पावणं," मिस्त्री म्हणतो. "कुणाचा वाचला, त्ये बी लिवू का?"