सुपर रोबो आणि रडीचा डाव : गटात गोष्ट खेळताना मर्यादा का हव्यात?



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी चौथीच्या मुलांचा एक खेळ घेतला. पालकांच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅप गट केला, संध्याकाळी फक्त अर्धा तास. विषय होता 'चंद्रावरची वस्ती'. कुणी डॉक्टर, कुणी चालक, कुणी शेतकरी. प्रत्येकाने आपल्या पात्राच्या तोंडून दोन-तीन ओळी लिहायच्या आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची.

पहिल्याच दिवशी मी अडचण टाकली, "हवेची टाकी फुटली आहे." लगेच एका मुलाने लिहिलं, "माझ्याकडे सुपर रोबो आहे. त्याने टाकी जोडली. सगळे वाचले." दुसऱ्या दिवशी उल्का आली, रोबोने ती गिळली. तिसऱ्या दिवशी साथ आली, रोबोने एका सेकंदात सगळ्यांना बरं केलं. त्यानंतर डॉक्टर झालेली मुलगी लिहायचीच थांबली. तिच्या आईला फोन केला तर त्या म्हणाल्या, "बाई, ती म्हणते, तिथे मला कामच नाही."

हे वाक्य मला लागलं. रोबो बंद करून टाकावा असं आधी वाटलं. पण त्या मुलाची कल्पनाशक्ती हा काही गुन्हा नव्हता. चूक माझी होती, मी नियमच ठरवले नव्हते.

मोठ्यांच्या खेळातही हेच होतं

पात्र घेऊन खेळायच्या खेळांत हा प्रश्न जुनाच आहे. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला. सुरुवातीच्या नियमांत त्यातला जादूगार ताकदवान होता, पण एकदा वापरलेला मंत्र त्याच्या स्मरणातून जायचा. पुन्हा वापरायचा तर पुन्हा तयारी करावी लागायची. म्हणून त्याला तलवारवाल्या सोबत्याची गरज पडायची.

'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात 'टायटन' नावाची अजस्र जहाजं आहेत. त्यांचं महाअस्त्र सुरुवातीला आजूबाजूच्या सगळ्या जहाजांवर एकदम आदळायचं. लहान जहाजवाल्यांनी करायचं काय? अखेर डिसेंबर २००९ मध्ये निर्मात्यांनी नियम बदलला आणि ते अस्त्र एका वेळी एकाच जहाजावर चालू लागलं. टायटन राहिलं, फक्त त्याला मर्यादा आली.

आपल्याकडे कर्णाची वासवी शक्ती आठवा. अमोघ, पण एकदाच वापरता येणारी. ती अर्जुनासाठी राखलेली होती आणि घटोत्कचावर खर्च झाली. ती रोज वापरता आली असती, तर त्या प्रसंगात जीव राहिला असता का?

यंत्राला विचारायचे चार प्रश्न

मी आधी उत्साहाने बारा नियम लिहिले. मुलं नियम वाचण्यातच थकली! मग चारच ठेवले :

१. हे यंत्र कोणतं एक काम करतं? 'सगळं करतं' हे उत्तर चालणार नाही.

२. ते चालायला काय लागतं? वीज, इंधन, वेळ, माणसं?

३. ते कुठे अडतं? एक तरी उणीव मालकानेच सांगायची.

४. दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं, हे आपण लिहायचं का? नाही. "मी दोर फेकला" एवढंच आपलं. तो पकडला की सुटला, हे समोरचा लिहील.

हे प्रश्न खेळ सुरू होण्याआधी विचारावेत आणि सगळ्यांना सारखेच असावेत, बाईंच्या पात्रालासुद्धा. मधेच एकट्या मुलाला अडवलं तर त्याला ती शिक्षा वाटते.

रोबोच्या मालकाला मी विचारलं, "चार्ज कशावर होतो?" तो म्हणाला, "उन्हावर." मग वर्गमित्रांनीच शोधून काढलं की चंद्रावरची रात्र आपल्या सुमारे १४ दिवसांएवढी असते. म्हणजे तितके दिवस रोबो बंद! भूगोल न शिकवता शिकून झाला.

दोन दिवसांनी त्याच मुलाने लिहिलं, "रोबो बंद पडला. माझा हात अडकलाय. कुणीतरी या." थोड्या वेळाने उत्तर आलं, "मी डॉक्टर. येते. हात हलवू नकोस."

घरी काय करता येईल?

डबा ऐसपैस खेळताना कुणी सारखं 'टाइम प्लीज' म्हणू लागलं की बाकीची मुलं 'रडीचा डाव' म्हणून ओरडतात. सगळं जिंकणारं यंत्र म्हणजे तेच. फरक इतकाच की पडद्यावर ओरडता येत नाही, मूल गुपचूप खेळ सोडतं. म्हणून पालकांनी "जिंकलास का?" याबरोबर एवढंही विचारावं, "आज तुझ्या सोबत्यांना काय काय करायला मिळालं?"

ज्या गोष्टीत प्रत्येकाला काम असतं, तीच सगळ्यांची गोष्ट होते.