नोव्हेंबरची मुदत आणि पुण्याचे शैक्षणिक वर्ष : एक मागोवा

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पदवी-प्रवेशाचे अर्ज दोन टप्प्यांत स्वीकारतात, आणि त्यांपैकी पहिल्या टप्प्याची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबरला संपते. या टप्प्यात ‘अर्ली डिसिजन’ आणि ‘अर्ली अ‍ॅक्शन’ असे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारण्याचे बंधन विद्यार्थ्यावर असते, दुसऱ्यात ते नसते. अर्जासोबत ‘सॅट’ या प्रमाणित परीक्षेचे गुण पाठवायचे असल्यास परीक्षा कधी द्यायची, हा प्रश्न पुण्यातील विद्यार्थ्यांपुढे अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा निराळ्या स्वरूपात उभा राहिला, कारण येथील शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते, सहामाही परीक्षा दिवाळीपूर्वी होते आणि बारावीची मंडळाची परीक्षा फेब्रुवारीत येते.

२०१७-१८ या वर्षापासून परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने अमेरिकेबाहेरील सॅटच्या तारखा वर्षाला सहावरून चारवर आणल्या, तेव्हा ही अडचण अधिक तीव्र झाली. मार्च आणि मे या तारखा अकरावीच्या अखेरीस येत, आणि त्या हुकल्या की नोव्हेंबरच्या मुदतीपूर्वी ऑक्टोबरची एकच संधी उरे. कागदावरील परीक्षेचा निकाल हाती यायला दोन-तीन आठवडे लागत, त्यामुळे गुण समाधानकारक आहेत की नाहीत हे कळेपर्यंत मुदत उंबरठ्यावर येऊन ठेपलेली असे. नोंदणी-शुल्कात चार विद्यापीठांना गुण पाठवण्याची सोय होती, मात्र त्यांची नावे परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत, म्हणजे स्वतःचे गुण पाहण्याआधीच, कळवावी लागत. नंतर पाठवल्यास वेगळे पैसे पडत. एकाहून अधिक वेळा परीक्षा दिली असल्यास कोणते गुण पाठवायचे ते निवडण्याची मुभा २००९पासून होती, परंतु जॉर्जटाउनसारखी काही विद्यापीठे सर्व प्रयत्नांचे गुण मागत असल्याने ही मुभाही सर्वत्र उपयोगी पडत नसे. त्यातच २०१६मध्ये लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला आणि २०२४मध्ये १ नोव्हेंबरला आले. अशा वर्षी शिक्षकांची शिफारसपत्रे आणि शिक्का मारलेली गुणपत्रके सुटी लागण्यापूर्वीच मिळवून ठेवावी लागत, आणि ज्या घरात हे कोणी सांगणारे नसे तेथे पूर्ण तयारीचा विद्यार्थीही मागे पडे.

२०२०च्या साथीत मे आणि जूनच्या परीक्षा रद्द झाल्या आणि बहुसंख्य विद्यापीठांनी गुण ऐच्छिक केले. प्रश्न सुटल्यासारखे वाटले, पण प्रत्यक्षात त्याने रूप बदलले : गुण वेळेत मिळतील का, याऐवजी मिळालेले गुण पाठवावेत की झाकून ठेवावेत, याचा निर्णय सतरा वर्षांच्या मुलामुलींवर आला. ही सवलत दिसते तितकी समन्यायी नव्हती, कारण किती गुण पाठवण्याजोगे, हे सांगणारा अनुभवी समुपदेशक काही मोजक्या शाळांतच असतो. मुळशी तालुक्यातील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज ही १९९७मध्ये सुरू झालेली निवासी संस्था त्या प्रकारची आहे. शहरातील बहुतेक कनिष्ठ महाविद्यालये तशी नाहीत.

मार्च २०२३पासून अमेरिकेबाहेर सॅट संगणकावर घेतली जाऊ लागली. परीक्षा तीन तासांवरून सव्वादोन तासांच्या आत आली, ऑगस्टसह वर्षाकाठी सात तारखा मिळू लागल्या आणि निकालाची प्रतीक्षाही कमी झाली. अनेक विद्यापीठे आता अर्जात विद्यार्थ्याने स्वतः नोंदवलेले गुण ग्राह्य धरतात आणि अधिकृत गुणपत्र प्रवेश निश्चित झाल्यावर मागतात. या काळातील सर्वांत मोलाचा बदल बहुधा हाच, कारण त्यामुळे पैशांचा आणि विलंबाचा भार हलका झाला. मात्र एम.आय.टी.ने २०२२मध्ये आणि डार्टमथ, ब्राउन, कॅलटेक व हार्वर्डने २०२४च्या पूर्वार्धात परीक्षेची अट पुन्हा घातली. हार्वर्डची घोषणा एप्रिलमध्ये झाली आणि ती त्याच शरद ऋतूतील अर्जांना लागू होती. परीक्षा न देण्याचे ठरवून बसलेल्या बारावीच्या विद्यार्थ्यांना मे, जून, ऑगस्ट वा ऑक्टोबरमध्ये जागा शोधावी लागली.

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी खोल जातो. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रमात शिक्षक अंतिम गुणांचा अंदाज अधिकृतपणे कळवतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या राज्य मंडळाच्या बारावीत अशी रूढ पद्धत नाही आणि निकाल मे महिन्याच्या आसपास लागतो. त्यामुळे ऑक्टोबरअखेर अशा विद्यार्थ्याजवळ मंडळाचे एकच गुणपत्रक असते, ते दहावीचे. सॅटचे गुण त्याच्यासाठी ऐच्छिक भर न राहता त्याची सध्याची तयारी दाखवणारा जवळजवळ एकमेव बाह्य पुरावा ठरतात, आणि म्हणून अकरावीच्या मे महिन्यातच पहिली परीक्षा देणे त्याला इतरांपेक्षा अधिक आवश्यक असते. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीचे आणि बारावीच्या सहामाहीचे प्रमाणित गुणपत्रक दिवाळीच्या सुटीपूर्वी देण्याची व्यवस्था केली, तर या पुराव्याला त्यांच्या स्वतःच्या नोंदींची जोड मिळू शकेल, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या परीक्षेची वा नियमाची गरज नाही.